खुनी कोण, ते राहू दे

मेहकरच्या कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झाल्यावर माझ्या मामांनी पॉडकास्ट सुरू केला. निरोप समारंभात शाली पुष्कळ मिळाल्या होत्या, पण श्रोते त्या दिवसापुरतेच होते. पॉडकास्टचा विषय जीवन हा होता. मौनाच्या सामर्थ्यावर ते सलग तीन भाग बोलले.

रेकॉर्डिंग आणि अपलोड ही भाच्याची, म्हणजे माझी कामं. दर रविवारी मी सुलतानपूरहून एसटीने जायचो. ऐकणारे बहुतेक नातेवाईक होते, आणि तेही सुरू करून बाजूला ठेवणारे. निदान घरचा एक श्रोता हक्काचा असावा म्हणून मामांनी मामीला तळहाताएवढा प्लेअर आणून दिला आणि लॅपटॉपवर तिच्यासाठी प्लेलिस्ट करवून घेतली. केबल लावून सिंक केलं की प्लेलिस्टमध्ये असेल तेवढंच प्लेअरमध्ये राहायचं, बाकीचं पुसलं जायचं. मामांना ही शिस्त फार आवडली. कॉलेजात त्यांना ती कधी लावता आली नव्हती.

मामी कानात इअरफोन घालून भाकरी थापायची. जेवायला बसलं की मामा विचारायचे, "आजच्या भागातून काय घेतलंस?" तिचं उत्तर येईपर्यंत ते ताटाला हात लावत नसत, आणि ते उठल्याशिवाय ती बसत नसे. 'संयम' म्हटलं की बहुतेक दिवशी भागतं, हे तिने लवकरच ओळखलं.

पुढे एकदा तिने मला चहा देताना हळूच विचारलं, त्या खुनाच्या गोष्टी असतात म्हणे, त्या यात बसतील का. मी मामांच्या भागांखाली एक मालिका टाकली. एका निवृत्त न्यायाधीशाचा त्याच्याच बंगल्यात खून होतो. संशय स्वयंपाक्यावर, धाकट्या भावावर आणि घरच्या डॉक्टरवर. मामीची खात्री डॉक्टरवर होती. रविवारी मी चपला काढतो न काढतो तोच ती पुढचा भाग मागायची. इतक्या वर्षांत तिला कशाची घाई झालेली मी पहिल्यांदा पाहत होतो.

मग एका दुपारी मामांनी ताटावर नेहमीचा प्रश्न विचारला आणि मामी आपल्याच तंद्रीत म्हणाली, "डॉक्टर खोटं बोलून राह्यला."

मामा रागावले नाहीत. रागावणं त्यांच्या चौथ्या भागात निषिद्ध होतं. हात धुऊन त्यांनी लॅपटॉप उघडला, सुशिक्षित घरात ऐकायच्या या गोष्टी नव्हेत असं शांतपणे सांगितलं, सगळी मालिका प्लेलिस्टमधून काढली आणि स्वतः सिंक केलं. मामीचा फक्त शेवटचा भाग ऐकायचा राहिला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, खुनी कोण ते मी सांगतो.

"राहू दे," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटवली.

दोनेक वर्षांनी मामांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नुसता 'हं' उरला, तोही प्रत्येक गोष्टीला. समज मात्र शाबूत आहे, त्यांना काहीतरी ऐकवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. मामीने हा सल्ला औषधापेक्षा काटेकोर पाळला. तिचा प्लेअर तिने मामांच्या डोक्यामागच्या खिडकीत, डावा हात पोचणार नाही असा, स्पीकरवर लावून ठेवला. त्यात मामांचेच सगळे भाग. सकाळपासून मामा मामांना जीवन समजावून सांगत.

भेटायला येणारे भारावून जात. संस्थेचे एक पदाधिकारी मौनाचा दुसरा भाग पूर्ण ऐकून म्हणाले, सरांची वाणी अजून तशीच आहे. निघताना त्यांनी नमस्कार खिडकीला केला.

मामा डाव्या हाताने पलंगाची पट्टी बडवायचे. त्यांना ताल धरायचा असेल, असं एका पाहुण्याला वाटलं. मी मामीला सांगितलं की त्यांना हे नको आहे. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, बरं, मग माझी ती खुनाची मालिका टाक.

मला बरं वाटलं. पुढच्या रविवारी गेलो तर मामांनी मान खिडकीकडे वळवलेली होती. बाहेर ट्रॅक्टर गेला तर कपाळाला आठी पडली. मामी शेजारी मेथी निवडत बसलेली. दर आठवड्याला एक भाग, एवढंच ती टाकू देई, आणि शनिवारपासून मामा दाराकडे बघत असत, असं शेजारीण कौतुकाने सांगायची. म्हातारपणी कसे दोघं एका आवडीला आले, असंही ती म्हणायची. मीही तसंच समजत होतो. कादंबऱ्या जास्त वाचल्या की असं होतं.

शेवटच्या भागाच्या रविवारी मी लॅपटॉप पलंगाशीच उघडला. मामा पडद्याकडे पाहत होते. मी भागावर खूण करणार, तेवढ्यात मामी म्हणाली, "खुनी कोण, ते राहू दे."

"काऊन?" मी विचारलं.

"मले तरी कुठी समजलं होतं?" मग मामांकडे वळून, पदर सारखा करत, "तुमीच म्हणले होते ना, आपल्या घरात आयकाच्या गोष्टी नाईत ह्या."

मामांचा डावा हात वर उठला होता. तो लॅपटॉपच्या अलीकडेच राहिला. तोंडातून 'हं' आला. पुन्हा आला.

"हो म्हणून राह्यले," मामी मला म्हणाली. "त्याइचंच टाक सगळं. पहिल्यापासून."

मी टाकलं. मालिका पुसली गेली आणि खिडकीतून मामांनी श्रोत्यांना नमस्कार केला. मामीने पहिला भाग संपेपर्यंत खिचडी निववली, मामांच्या गळ्याशी टॉवेल खोचला आणि चमचा भरला. ओठांपाशी नेऊन थांबवला. आणि त्यांच्याच शुद्ध मराठीत, त्यांच्याच संथ सुरात तिने विचारलं, "आजच्या भागातून काय घेतलंत?"

मामा तोंड उघडून तिच्याकडे पाहत राहिले. ती चमचा तसाच धरून उत्तराची वाट बघत होती.