सुजाताला त्रास सापडत नव्हता

सायकलच्या ट्यूबला सोल्युशन लावलं की ते वाळेपर्यंत थांबावंच लागतं. थांबलेला माणूस स्टुलावर बसतो, आणि बसला की बोलतो. मुर्री गावाच्या रस्त्यावर माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, तिथं गोष्टी जमायला वेगळं काही करावं लागलं नाही. लोक हवा भरायला यायचे आणि गोष्ट ठेवून जायचे. मी चौथीपर्यंत शिकलेला, त्यात बोलायला सावकाश. त्यामुळं गोष्टी खर्च कमी झाल्या, जमा जास्त झाल्या.

त्यातल्या बऱ्याच माझ्या मुलीच्या शिक्षणाच्या आहेत. सुजाता बाहेरगावी मोठ्या कॉलेजात शिकायला गेली. पदवीच्या पुढचं शिक्षण. नाव होतं ‘डिझाइन स्ट्रॅटेजी अँड इनोव्हेशन’. मी ते पाठ केलं होतं. पण कुणी विचारलं की मी ‘डिझाइन’पर्यंत पोचेपर्यंत विचारणारा चाक घेऊन निघून गेलेला असायचा!

*

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा दुलीचंदभाऊ दुकानात बसले होते. माझे जुने मित्र, धानाची शेती, स्वभाव चौकस.

“काऊन वो सुजाता, हे डिझाइन मंजे काय? लुगड्याचा काठ का?”

सुजातानं नीट समजावलं. “नाही काका. एखादी वस्तू लोकांना खरंच लागते का, कशासाठी लागते, ती लोकांमध्ये टिकेल कशी, हे सगळं आधी शोधायचं. मग वस्तू बनवायची.”

“मंजे बनवाच्या आंधी विचार कराचा?”

“हो, तेच.”

दुलीचंदभाऊंनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग माझ्याकडं वळून म्हणाले, “फागूभाऊ, याले दोन वर्ष लागतात?”

*

दुकानाच्या शेजारी सोनाबाई भाजी विकायची. माहेर चोरखमाऱ्याकडचं, तोंड फटकळ, मन चांगलं. तिला कायम घाई. “मले घाई हाय” हे वाक्य ती दिवसातून इतक्या वेळा म्हणायची की लहान मुलं तिला पाहून तेच म्हणायची. माझं बोलणं पूर्ण व्हायची वाट तिनं कधी पाहिली नाही. माझी वाक्यं तीच पूर्ण करायची, आणि ती नेहमी चुकायची.

एकदा मी म्हटलं, “सोनाबाई, तुमच्या टोपलीतली...”

“हो हो, माईत हाय! टोपली बाजूले घेतो. तुमचे गिऱ्हाईक अडकून राहिले ना?”

“नाही, ते... तुमची पालक...”

“पालक ताजी हाय, सकाळचीच हाय! घरी पाठवतो जुडी.”

मी पुन्हा सुरुवात केली. “पालक... दुलीचंदची बकरी...”

सोनाबाईनं मागं वळून पाहिलं तेव्हा बकरी शेवटची जुडी संपवत होती.

“मंग बोलले काऊन नाई, भाऊ?” सोनाबाई ओरडली.

*

सुजाताच्या शेवटच्या वर्षी मोठं प्रोजेक्ट होतं. लोकांमध्ये जायचं, त्यांना कसला त्रास आहे तो शोधायचा आणि त्यावर उपाय काढायचा. तिनं आपलाच जिल्हा निवडला. सोबत दोन मैत्रिणी घेऊन आली. एक दिल्लीकडची, एक दक्षिणेतली. तिघी दारोदार जाऊन विचारायच्या, “तुम्हाला कशाचा त्रास होतो?”

आता आमच्याकडं पाहुणा दारात आला की आधी पाणी देतात, बसायला देतात. त्याच्यासमोर स्वतःचं रडगाणं कुणी सांगत नाही. ते बरं दिसत नाही. त्यामुळं तिघींना प्रत्येक घरात चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं. “काईच त्रास नाई, बाई. सब बने हाय.”

चिचगडकडं त्या मोहफुलं वेचणाऱ्या बायकांना भेटायला गेल्या. दिल्लीच्या मुलीनं एका म्हातारीला विचारलं, “अम्मा, आपकी सबसे बड़ी परेशानी क्या है?”

म्हातारीनं तिला वाढलेल्या ताटाकडं पाहिलं आणि म्हणाली, “तू जेवून नाई राहिली, हेच!”

दिवसभरात तेवढा एकच त्रास हाती लागला.

*

लोक जे सांगायचे ते तिघी पिवळ्या चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि आमच्या ओसरीच्या भिंतीवर चिकटवायच्या. सगळी भिंत पिवळी झाली. त्याच्याकडं पाहत बसायचं, म्हणजे त्यातून काहीतरी दिसतं, असं त्यांच्या शिक्षकांनी सांगितलं होतं.

एका दुपारी सगळे बाहेर असताना दुलीचंदभाऊंची बकरी ओसरीत शिरली. तोंड पोचलं तिथवरची भिंत तिनं साफ केली!

दुलीचंदभाऊ धावत आले. बिचारे रडवेले झाले. “पोरी, तुह्या अभ्यास खाल्ला वो तिनं!”

सुजाता शांतपणे म्हणाली, “जाऊ द्या काका. सगळ्यांवर एकच लिहिलं होतं.”

*

पण आतून ती शांत नव्हती. कॉलेजातल्या मॅडमचा फोन आला. हातात नीट प्रश्न नसेल तर प्रोजेक्ट पास होणार नाही, वर्ष जाईल, असं त्यांनी सांगितलं. फोन ठेवून ती दुकानातल्या स्टुलावर येऊन बसली. म्हणाली, “बाबा, मला नाही वाटत माझ्याच्यानं हे होईल. मी परत जात नाही.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. “सुजा...” म्हणेपर्यंत शेजारून सोनाबाई म्हणाली, “मंजे कोनाले त्रास नसन तं पोट्टी नापास?”

“हो मावशी.”

“असं हाय होय!” म्हणून सोनाबाई टोपली तशीच टाकून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर दारात रांग! मुलगी नापास होऊ नये म्हणून मोहल्ल्यातला जो तो आपापला त्रास घेऊन आला होता. एकीचा नवरा घोरायचा. एकाच्या रेडिओला फक्त रात्री आवाज यायचा. दुलीचंदभाऊ म्हणाले, “माह्या बैल डावीकडं वळत नाई. लिही.” सोनाबाई सगळ्यांना ढकलून पुढं आली. “मले कायम घाई राहते, हा माह्या त्रास. लवकर लिही, मले घाई हाय!”

सुजाताची आई चुलीजवळून म्हणाली, “माह्याही लिही. तुह्या बाप.”

सगळे हसले. मीही हसलो. मग सुजातानं हसत हसत मला विचारलं, “बाबा, तुमचा?”

“माझा काई त्रास नाई,” मी म्हटलं.

ती माझ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिली.

*

माझा गुडघा तेव्हा दुखत होता. चाक काढायला खाली बसलो की उठवेना. तिला ते दिसलं, आणि ती मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरकडं जायची चिठ्ठी मिळते त्या खिडकीशी गर्दी होती. आत कारकून. त्यानं विचारलं, “हां, काय त्रास हाय?”

मी म्हटलं, “माझा... डावा...”

“ताप!” माझ्या खांद्यावरून एक हात आत गेला. त्याला चिठ्ठी मिळाली.

मी पुन्हा म्हटलं, “माझा डावा... गुड...”

“लेकराले जुलाब होऊन राहिले जी!” एक बाई आत घुसली. लहान लेकरू होतं, मी सरकलो. मग आणखी एक आला, आणि मी आणखी सरकलो. सरकता सरकता मी दारापर्यंत आलो. मग वाटलं, आता उद्या येऊ.

सुजाता खांबाशी उभी राहून सगळं बघत होती. मध्ये पडायचं नाही, आधी बघायचं, असं तिला शिकवलेलं होतं. बाहेर आल्यावर मात्र तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“बाबा, तुम्ही बोलला का नाहीत?”

“बोलूनच राहिलो होतो,” मी म्हटलं.

संध्याकाळी तिनं कॉलेजात फोन लावला आणि म्हणाली, “मॅडम, प्रश्न मिळाला.”

*

दवाखान्यातले डॉक्टर भले होते, त्यांनी मला गुडघ्याच्या गोळ्या दिल्या आणि तिला खिडकीशी काही करून बघायची परवानगी दिली. आधी तिनं पाटी लावली, ‘एका वेळी एकानेच बोलावे.’ लोकांनी पाटीला पिशव्या टांगल्या. मग तिनं जमिनीवर पांढरी रेघ मारली. लोक रेघेवर दाटीवाटीनं उभे राहिले, कुणी रेघ सोडेना!

ती हरून दुकानात आली. स्टुलावर एक म्हातारा पंक्चर काढून घ्यायला बसला होता आणि आपल्या नातवाची गोष्ट सांगत होता. माझ्यासारखाच रेंगाळत बोलत होता. दोघं तिघं भोवती उभे होते, त्यांनाही हवा भरायची होती. पण बसलेल्या म्हाताऱ्याला कुणी मध्येच तोडत नव्हतं. आमच्याकडं उभ्या माणसाला लोक ढकलतील, पण वडीलधाऱ्याला एकदा बसवलं, पाणी दिलं, की तो बोलून उठेपर्यंत थांबतात.

सुजाता ती गोष्ट संपेपर्यंत थांबली. म्हातारा उठला, तसं तिनं स्टूल उचललं आणि निघाली.

“अवो, गिऱ्हाईक कुठं बसतील?” मी म्हणेपर्यंत ती वळणावर होती.

दवाखान्यात तिनं कारकुनाचं टेबल खिडकीमागून काढून व्हरांड्यात आणलं. समोर माझं स्टूल ठेवलं, बाजूला पाण्याचा माठ आणि पेला. बास. कॉलेजातल्या लोकांना तिनं त्याचा फोटो पाठवला, तर त्यांचा फोन आला, प्रोटोटाइप, म्हणजे करून बघायचा पहिला नमुना, चांगला आहे म्हणून.

दुलीचंदभाऊंनी ते गावभर सांगितलं. “फागूभाऊच्या दुकानात इतके वर्ष प्रोटोटाइप होता अन् आपण त्याच्यावर बसून राहिलो!”

*

शेवटची परीक्षा दवाखान्यातच झाली. कॉलेजातून एक मोठ्या मॅडम आल्या. बारीक चष्मा, कमी बोलणं. त्यांना कागद नको होते, त्यांना बघायचं होतं. “ये स्टूल है तो लोग रुकेंगे, ये मैं कैसे मान लूँ?” असं त्यांनी सुजाताला विचारलं. सुजाताचा चेहरा उतरला. मग ती माझ्याकडं आली. “बाबा, तुम्ही रांगेत लागा. जे असेल ते सांगा. दुसरं काही करू नका.”

मी रांगेत लागलो. माझ्या मागं नेमकी सोनाबाई, टोपली डोक्यावर, बाजाराची वेळ झालेली. तिच्या मागं पुष्कळ लोक. मॅडम खांबाशी उभ्या. सुजाता त्यांच्याजवळ, ओढणीचं टोक मुठीत धरून.

माझा नंबर आला. मी स्टुलावर बसलो. पाणी प्यालो.

“बोला बाबा, काय त्रास हाय?” कारकुनानं विचारलं.

मी ‘माझा डावा गुडघा दुखतो’ हे वाक्य तयार करून आलो होतो. पण गोळ्यांनी गुडघा केव्हाच बरा झाला होता. तोंडावर आलेलं वाक्य खोटं होतं, ते पुढं जाईना. मी दुसरं शोधू लागलो. मला वेळ लागतो.

व्हरांड्यात कुणी खोकलंसुद्धा नाही. मागून हात आला नाही. कारकुनानं पेन हातातच धरलं होतं. एवढी माणसं माझ्यासाठी गप्प उभी आहेत, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा होत होतं.

“काई त्रास नाई जी,” मी म्हणालो.

कारकुनानं पेन खाली ठेवलं. “मंग आले कायले?”

मी सुजाताकडं पाहिलं. मॅडमकडं पाहिलं. पुन्हा कारकुनाकडं पाहिलं.

“बोलाले,” मी म्हणालो.

आता मागून आवाज आला. सोनाबाईचा. मी मान खाली घातली. सुजातानं डोळे मिटले.

“तं बोला ना सावकास, फागूभाऊ!” डोक्यावरची टोपली खाली ठेवत सोनाबाई म्हणाली. “इथं कोनाले घाई हाय?”