वाऱ्याची ओवी

रेणापूरच्या भामाबाईच्या ओव्या ऐकून बाया हसायच्या, डोळे पुसायच्या. पण बहात्तरच्या दुष्काळात तिनं वावटळीवर ओवी रचली, तेव्हा सरकारी कामावर खडी फोडणाऱ्या साऱ्याजणींचे हात जागच्या जागी थांबले.

वावटळ आली बाई, मोकळे तिचे केस
हरवलं लेकरू शोधी, हिंडती वेस वेस

“भामे, असलं अभद्र गाऊ नगं,” सुमनबाई म्हणाली. तिचं तान्हं पोर बाभळीच्या झोळीत निजलं होतं. भामाबाईचं स्वतःचं लेकरू आदल्या चैतात गेलेलं, म्हणून कुणी जास्त बोललं नाही. पुढची ओळ सुचेना, तशी भामाबाईनं पुन्हा हातोडा उचलला.

दुपार कलताना वारा पडला. कावळेसुद्धा मुके झाले. मग माळाच्या टोकाला धुळीचा खांब उभा राहिला आणि बघता बघता आभाळ दिसेनासं झालं. बाया खडीच्या ढिगांआड पालथ्या पडल्या. भामाबाईनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. तेवढ्यात तिला गाणं ऐकू आलं. चाल तिची. गळाही तिचाच.

भेटंल ते माझं बाई, कुणाचं का असंना
झोळी हलती बाभळीला, माय जवळ दिसंना

ती उठली, डोळे मिटूनच बाभळीकडं धावली. झोळी चाचपली, तर रिकामी. आवाज आता ओढ्याकडून येत होता, अंगाई म्हणावी तसा हळू. भामाबाई त्याच्या मागं रांगत गेली. कोरड्या ओढ्याच्या वाळूत पोर पडलं होतं. अंगावर ओरखडा नाही, डोळे टक्क उघडे, कुणाकडं तरी बघून हसत होतं. तिनं त्याला छातीशी धरलं आणि वारा एकदम थांबला. खोटं कशाला सांगायचं, घडीभर तिला ते पोर कुणालाच द्यावंसं वाटलं नाही.

धावत आलेल्या सुमनबाईनं ते हिसकून घेतलं. “वादळात तू गात होतीस. मी ऐकलं. तूच बोलावलंस तिला!”

भामाबाईनं तोंडात कोंबलेला, मातीनं माखलेला ओला पदर दाखवला. पण सुमनबाईनं बोलणंच टाकलं.

दहा वर्षांनी लातूर वेगळा जिल्हा झाला. त्या आनंदात शहरात कार्यक्रम ठरला. रेणुकादास नावाचे प्राध्यापक गाणाऱ्या बायांना घेऊन गेले, त्यांत सुमनबाईही होती. निसर्गाचं रौद्र रूप कवींनी कसं रंगवलं, यावर ते बराच वेळ बोलले आणि त्यांनी भामाबाईला पुढं बोलावलं. तिनं वावटळीची पहिली ओवी म्हटली अन् थांबली.

“पुढं काय, भामाबाई?”

“पुढचं माझं न्हाई, सर.”

मांडवात कुजबुज झाली. तेव्हा मागून, खाली मान घालून, सुमनबाईनं वादळातली दुसरी ओवी म्हटली. शब्दाला शब्द. भामाबाईनं ती आजवर कुणालाच सांगितली नव्हती. मांडवाचं कापडही हललं नाही, तरी पुढच्या रांगेतल्या बायांनी आपापली पोरं जवळ ओढली.

परतीच्या एसटीत सुमनबाई तिच्या शेजारी येऊन बसली.

“त्या दिशी तू गात नव्हतीस ना?”

“न्हाई गं.”

“तुझा पदर बघून मला तवाच कळलं होतं,” सुमनबाई म्हणाली. “पर मग कोण, ह्याचं लई भ्या वाटायचं. तुझ्यावर ढकललं की झोप तरी लागायची.”