गौरेशच्या स्विमिंग पूलची जागा

पेडण्याच्या बाजारात गुरुदास परबचं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माणूस तसा वाईट नाही. पोर वाढत्या अंगाचं दिसलं की पँटीच्या मोहरीला न मागता दोन बोटं कापड जास्त सोडणारा. पण त्याच्यासमोर त्याच्या चुलत भावाचं, गौरेशचं, नाव काढून बघा. तोंडातला चहा कडू होतो त्याच्या.

दोघांची घरं एकाच परसात, पाठीला पाठ लावून. वाटणी झाली तेव्हा गुरुदासच्या वाट्याला रस्त्याकडची बाजू आली, गौरेशच्या बापाला मागची उताराची. मागची बाजू म्हणजे खडक, पोफळी आणि डास. तेव्हा गौरेशचे आईवडील पणजीला सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. चवथीला यायचे, गणपती पोचवून परत जायचे. त्या मागच्या बाजूकडे ढुंकून कोणी बघत नव्हतं. मग मोप्याला विमानं उतरायला लागली, रस्ते रुंद झाले, आणि पणजीचा गौरेश बायकोला घेऊन कायमचा घरी परतला. जुन्या घराला नवी कौलं, न्हाणीला काचेचं दार, पाहुण्यांना खोल्या. बघता बघता मागची बाजू पुढची झाली, आणि पुढच्या बाजूचा गुरुदास गेटाजवळचा राखण्या झाल्यासारखा पाहुण्यांना वाट दाखवू लागला. हे काय कमी होतं, त्यात गौरेशने स्विमिंग पूल काढला.

"दादा, पाठीमागे पूल बांदूचो विचार आसा," गौरेश सकाळी पोयी घेताना सहज म्हणाला. पाववाल्याची सायकलसुद्धा अजून हलली नव्हती. गुरुदास पाववाल्याला पैसे द्यायचेच विसरला.

त्या दिवसापासून माणसाला दुसरा विषय नाही. भावजयीशी बोलायला म्हणून जायचा आणि गौरेशच्या टेबलावरचा आराखडा उलटसुलट बघून यायचा. उथळ बाजू कुठे, खोल बाजू कुठे, पंपाची खोली कुठे, फरशी निळी की हिरवी. गौरेशची बायको संजना भाबडी, तीच सगळं उलगडून सांगायची. तो "छान, छान" म्हणायचा आणि घरी येऊन सुविधावर, म्हणजे आपल्या बायकोवर, डाफरायचा. एकदा तर त्याने कमालच केली. दुकानातली माप घ्यायची टेप आणली, चुन्याची भुकटी घेतली, आणि आपल्याच अंगणात स्वतःचा पूल आखायला बसला. आखून झाल्यावर दिसलं की तुळशीवृंदावन तरी काढायला हवं नाहीतर संडास तरी.

"तुळस काढू नका," सुविधा दारातून म्हणाली. "संडास काढूया. पाण्यातच आसतलात, चलता."

त्याने रागाने पायाने चुना पुसला. आठवडाभर अंगण पांढरं दिसत होतं, आणि येणारा-जाणारा विचारत होता, हे काय रे?

मग त्याने दुसरा मार्ग धरला. गौरेशला अडवायचं, पण थोरल्या भावाच्या मायेने. आधी डास. एवढं पाणी साठलं की अख्ख्या वाड्याला मलेरिया होणार. गौरेशने फिल्टर कसा चालतो ते दाखवलं. मग साप. थंडाव्याला जनावर येतं, पाहुण्याला चावलं तर? गौरेशने भोवती बारीक जाळी आराखड्यात घालून घेतली. मग बाव. पूल भरताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विहिरी आटतील, असं त्याने बाजारात चार दुकानांत सांगून ठेवलं. गौरेशने टँकर ठरवला. दर वेळी गौरेश हसून म्हणायचा, "बरा केलंस दादा सांगलंस ता." त्या हसण्याने गुरुदासच्या अंगाची लाही लाही व्हायची. अरे, चिड तरी! भांड तरी! पण नाही.

शेवटी म्हापशाहून इंजिनियर आली, अंकिता नावाची. डोक्याला टोपी, पायात बूट. तिने परसभर फिरून दोन जागा काढल्या. एक वरची, घराला लागून. पक्की, पण अडचणीची, आणि समोर दिसणार न्हाणीची भिंत. दुसरी खालची, पोफळींच्या खळग्यात. ऐसपैस, आणि पाण्यात उभं राहिलं की समोर हिरवागार डोंगर. गौरेश आणि संजना दोघांचं मन खालच्या जागेवर बसलं होतं. अंकिता मात्र उताराकडे बघत घुटमळत होती.

"पावसात इथे वरून पाणी येतं का हो?" तिने विचारलं. "तुम्ही इथले जुने, म्हणून विचारते."

गौरेशने मागोमाग फिरणाऱ्या गुरुदासकडे बोट दाखवलं. "दादाक विचार. दादा जन्मापासून हंयच."

आता ऐका. त्या खळग्यात वाटणीआधी घराचा गोठा होता. पाऊस नेहमीसारखा पडला तर तिथे काही नसायचं. पण चार-पाच वर्षांतून एकदा सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, ढग फुटल्यासारखा कोसळला की वरचं सगळं पाणी तांबडी माती घेऊन त्या खळग्यातून धावत सुटायचं. गुरुदास शाळेत असताना एका श्रावणात गोठ्याची भिंत गेली, बांधलेली पाडी गेली, आणि दुसऱ्या दिवशी बापाने उरलेली गुरं वर आणून बांधली. हे सगळं गुरुदासने डोळ्यांनी बघितलेलं, आणि बघितलेल्यांपैकी आता तो एकटाच उरला होता. गौरेश तेव्हा पणजीत, आणि परतल्यापासूनचे पाऊस साधेच गेले होते. म्हणजे डास, साप, बाव हे सगळे खोटे बहाणे करून झाल्यावर, खरं कारण आपल्या पायांनी चालत दारात आलं होतं. नुसतं "होय" म्हणायचं होतं.

पण "होय" म्हटलं तर काय झालं असतं? पूल वर गेला असता. वर गेला असता आणि टिकला असता.

"नाय गो," गुरुदास म्हणाला. "हंय पाणी खयचा? सुकी जागा ही."

अंकिताने खालच्या जागेवर खूण केली. गुरुदास घरी आला तो ताठ मानेने. जेवताना त्याला ते दिसत होतं: निळ्या फरशीवर तांबडा चिखल, छत्र्या उलट्या, पाहुणे बॅगा घेऊन पळतायत. त्याला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार बरं वाटलं. त्याने भात दोनदा घेतला.

जागा ठरल्याचं सुविधाला संजनाकडून कळलं. ती आली ती ओल्या हातानेच.

"तुमी त्या पोरीक गोठ्याचा सांगलात नाय?"

"माका विसराक झाला."

"पाडी व्हावान गेलेली तुमका विसराक झाली? अजून दर पावसात माका सांगतात ती गोष्ट!" ती जवळ आली. "अहो, त्या पाण्यात माणसा उतरतली. कोणाची तरी पोरा उतरतली. अंगार भिंत इली तर?"

गुरुदासने तोंड फिरवलं. पण ते त्याच्या मनात रुतलं खरं. छत्र्या आणि फरशी त्याने बघितली होती, पोरं बघितली नव्हती. "सांगतंय," तो म्हणाला. आणि सांगणारही होता. पण सांगायला म्हणून मागच्या दारी जायचा आणि तिथे नवीन काहीतरी दिसायचं. कधी आरामखुर्च्या, कधी पाण्याखाली लावायचे दिवे. बाजारात कुणीतरी विचारायचं, "गुरुदास, भावाच्या पुलात तुका पोवाक मेळतला मा?" की गेलं सगळं. उद्या सांगू, असं म्हणत खणायचा दिवस उजाडला.

आता त्या भागात जमिनीला पहिली कुदळ लावण्याआधी राखणदाराला गाऱ्हाणं घालावं लागतं. त्या जागेची राखण करणारा देव, परसाच्या कडेला किंदळीच्या झाडाखाली त्याचा दगड. नारळ, केळी, विडी ठेवायची आणि घराण्यातल्या थोरल्याने उभं राहून मोठ्याने मागणं मागायचं. जमलेल्यांनी प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा!" म्हणून हाक द्यायची. एकदा सुरू केलेलं गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नाही. परबांच्यात हा मान थोरल्या पातीचा, म्हणजे गुरुदासचा. त्याचा आवाज खणखणीत, अख्खा वाडा त्यालाच बोलवायचा. गौरेशने काचेचं दार आणलं, दिवे आणले, पण हे त्याला कुठून आणता येणार होतं? गुरुदासला जगात उरलेली ती एकच गोष्ट होती, आणि ती घेऊन तो त्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून किंदळीखाली उभा राहिला.

वाड्यावरची माणसं जमली होती. खणायला आलेली बेळगावकडची माणसं एका बाजूला, जेसीबीचा ड्रायव्हर दीपक चपला काढून हात जोडून. त्याची बायको ज्योती लेकराला कडेवर घेऊन. त्यांची झोपडी खळग्याच्या तोंडाशीच उभी केली होती, काम पावसाळ्यातही चालणार म्हणून.

गुरुदासने सुरुवात केली. "हे राखणदारा म्हाराजा! आज तुझ्या लेकरान ह्या जागेर काम काडलेला आसा, ता सुरळीत पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात येतल्या-जातल्याक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंय राबतल्या माणसांच्या..." पुढचं वाक्य, "हातापायाक इजा होव देव नको," त्याने शेकडो वेळा म्हटलेलं. त्याची नजर ज्योतीच्या कडेवर गेली. लेकरू अंगठा चोखत त्याच्याकडे बघत होतं. गुरुदासने जोडलेले हात खाली घेतले.

माणसं वाट बघत राहिली. गाऱ्हाणं असं मध्ये थांबत नाही.

"गौरेश," तो देवाकडे पाठ करून म्हणाला, "पूल हंय नको. वर घे. हंय मोठ्या पावसात सड्याचा पाणी येता. गोठो ह्याच पाण्यान न्हेलेलो. ह्या माणसांकय हंय ठेव नको."

गौरेश हसला, पण नेहमीसारखं नाही.

"आदी डास," तो म्हणाला. "मगे साप. मगे बाव. आता पाणी. दादा, आज तरी पुरे कर रे."

"ह्या खरा आसा! सुविधाक विचार."

सुविधाने मान हलवली. "खरा ता, गौरेश भावजी." पण संजना तिच्याकडे न बघताच म्हणाली, "घोवासाठी ती तरी आनी काय बोलतली?"

"अंकितान तुका तोंडार विचारलेला," गौरेश म्हणाला. "सगळ्यांच्या समोर. तेव्हा तू काय सांगलंस?"

"तेव्हा मी खोटा बोललंय."

"आनी आता खरा बोलतंस?"

मागे कुणीतरी खुसकन हसलं. कित्याक खोटा बोललंस, असं गौरेशने विचारलं असतं तर कदाचित त्याने सांगितलंही असतं. पण ते विचारायची गरज कुणालाच वाटली नाही, ते अख्ख्या बाजाराला ठाऊक होतं. "गाऱ्हाणा पुरा कर, दादा," गौरेश म्हणाला. "अर्धा सोडू नये."

गुरुदास वळला. राबणाऱ्यांचं मागणं त्याने कसंबसं मागितलं. मग राहिलं शेवटचं. तेही ठरलेलं, बापाच्या तोंडून ऐकून पाठ झालेलं, आणि ते गाळायचा अधिकार त्याला नव्हता. आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

"आनी ह्या कामाक कोण वाकड्या डोळ्यान बघता आसात, पोटात जळान आड येता आसात, तेका थयच थांबय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इतकी मोठी हाक त्या परसात कधी उठली नव्हती. गौरेशचा आवाज सगळ्यांच्या वर होता. बेळगावची माणसंसुद्धा ओरडली, त्या लेकराने दचकून रडायला सुरुवात केली. गुरुदास दगडाकडे बघत राहिला, आणि त्या सगळ्या आवाजांत त्याला सुविधाचाही आवाज ऐकू आला.