उलटा हात

कोणतीही नवी वस्तू समोर आली की मामा तिला आधी उलटा हात लावायचे. चहाचा पेला असो, ऑफिसात आलेलं लोखंडी कपाट असो की साहेबांच्या केबिनचं दार. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची, क्षणभर थांबायचं आणि मगच तळहात लावायचा. पाहणाऱ्याला हसू यायचं. तुम्हालाही आलं असतं. पण विजेच्या कामातल्या माणसाला विचारून बघा. तळहातानं जिवंत तार धरली तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात मागं फेकला जातो. मामांनी हा धडा तारेपुरता न ठेवता साऱ्या जगाला लावला होता, एवढंच.

मामा आमच्या अहमदपूरकडच्या सबस्टेशनचे लाईनमन आणि मी तिथला ऑपरेटर. सगळेच त्यांना मामा म्हणत. लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी ते नोकरीला चिकटले. आता सगळं दारात येणार म्हणून तेव्हा गावोगाव गुलाल उडाला होता. मामांना विचारलं तर म्हणायचे, "मला पाटी बदलाया खांबावर चढवलं. पाटी बदलली. खांब त्योच, अन् लाईट बी तेवढीच."

लाईनवर काम निघालं की मी त्या लाईनला वीज सोडणारा फीडर बंद करून फोनवर 'परमिट' द्यायचं, म्हणजे लाईन बंद आहे, चढा. काम झालं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच स्वतःच्या आवाजात ते परत करायचं, मग मी लाईन चालू करायची. बाकीचे परमिट मिळताच चढत. मामा आधी पिशवीतून साखळी काढत, तिचं एक टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधत आणि साखळी तिन्ही तारांवर भिरकावत. कोणी मध्येच लाईन चालू केली तर करंट साखळीतून जमिनीत जायचा आणि माझ्याकडचा ब्रेकर पडून लाईन आपोआप बंद व्हायची.

एकदा मी चिडून विचारलं, माझ्या शब्दावर भरवसा नाही का?

"लाईन बंद हाय म्हणणारा खुर्चीवर असतो, साहेब. चढणारा येगळा असतो."

मला ते लागलं. माझी समजूत घालायची सोडून मामांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. विहीर सगळ्यांना खुली असल्याचा सरकारी कागद गावात आला होता. धर्मांतर केलेल्या वस्तीतला हा माणूस त्या कागदावर विसंबून घागर घेऊन गेला आणि डोकं फुटून घरी आला. "कागद खरा व्हता," मामा म्हणाले, "पर त्यो विहिरीला कुणी सांगितला न्हवता." त्यानंतर मी भरवशाचा विषय काढला नाही, पण राग मात्र मनात राहिला.

पुढं सुधारणांचं वारं आलं. आमच्या भागातली वीज एका खाजगी कंपनीला ठेक्यानं द्यायची ठरली. नांदेडला बैठक झाली. टाय लावलेल्या साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली. गळती थांबेल, सेवा सुधारेल, एकाचीही नोकरी जाणार नाही. मामा उठले आणि त्यांनी एकच विचारलं, की ह्या कामात साहेब स्वतः कुठं बसणार? साहेब म्हणाले, पुण्याला. "मंग ठीक," म्हणून मामा खाली बसले. सभागृह हसलं, साहेबही हसले.

युनियनवर तरी त्यांचा भरवसा होता म्हणता? संपाला आले, मांडवात बसले, पण घोषणा दिली नाही. नेता माईकवरून रक्त सांडण्याची भाषा करत होता. मामा माझ्या कानाशी म्हणाले, "मूठ बगा त्याची. आवळली की सुटत न्हाई." वर्षभरात त्याच नेत्याच्या मेव्हण्याला कंपनीचं मीटर वाचायचं कंत्राट मिळालं.

कंपनीनं नियम बदलले. परमिट आता शहरातल्या कंट्रोल रूममार्फत. लाईनमननं आणि ऑपरेटरनं थेट बोलायचं नाही. साखळ्या जुनाट, त्यात वेळ जातो, म्हणून त्या जमा करायच्या. नवं साहित्य येणार होतं. ते काही आलं नाही. मामांनी वहीत सही करून साखळी जमा केली तेव्हा मलाच आश्चर्य वाटलं. आठवड्यानं कळलं, जमा केली ती बैलाची साखळी होती.

तो दुष्काळ तुम्हाला आठवत असेल. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आमच्याकडं चार गावांची तहान एका विहिरीवरच्या मोटारीवर होती आणि ती मोटार आमच्याच फीडरवर. एका दुपारी मामा त्या लाईनवर चढले होते. सबस्टेशनच्या फाटकाशी बाया घागरी घेऊन उभ्या होत्या, लाईट सोडा म्हणत होत्या. कंट्रोल रूमचा फोन आला, परमिट परत आलंय, चालू करा.

मामांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता. एक फोन लावायचा होता. पण नियम होता, बायांचा गलका होता आणि खरं सांगायचं तर मला कंटाळा आला होता. मी ब्रेकर चढवला. तो धाडकन पडला. पुन्हा चढवायला हात पुढं नेला आणि साखळी आठवली.

मामांना फोन लावला. तीनदा नुसता वाजत राहिला. चौथ्यांदा आवाज आला, "साखळीनं ठिणग्या उडवल्या, साहेब. मी अजून वरच हाय."

त्याच फीडरवर ठेकेदाराचीही टोळी होती. तिनं परमिट परत केलं आणि कंट्रोल रूमनं दोन्ही परमिटं एकच धरली. संध्याकाळी मामा सबस्टेशनवर आले. मी म्हणालो, मामा, लाईन मी चालू केली, तुम्हाला विचारलं नाही. त्यांनी पेल्याला उलटा हात लावला, चहा घेतला आणि म्हणाले, "तुमचं मी कंदीच खरं धरलं न्हाई. म्हून तर आज हितं बसून बोलतोय."

इतकी वर्षं ज्या संशयाचा मला राग होता, त्यानंच मला खुनी होण्यापासून वाचवलं होतं.

ब्रेकर का पडला, कंपनीनं लेखी विचारलं. खरं लिहिलं तर साखळी उघडी पडणार. मामांच्या निवृत्तीला चार महिने उरलेले, पेन्शन अडकणार. मी रजिस्टरात लिहिलं, 'झाडाची फांदी तारेवर पडल्यामुळे.' मामांसाठी लिहिलं असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. निम्मं माझ्यासाठी होतं. मामांनी ते वाचलं.

"शिवारात झाडाला पान ऱ्हायलं न्हाई, अन् तुमाला फांदी घावली?" मग म्हणाले, "असू द्या. कागदच हाय."

त्या महिन्याच्या अहवालात आमच्या भागात एकही चूक नव्हती. कंट्रोल रूमची पद्धत तशीच चालू राहिली. ते अजून मला टोचतं.

निवृत्तीच्या दिवशी मी हात पुढं केला. मामांनी आपला हात वळवला, त्याची मागची बाजू माझ्या तळहाताला टेकवली, हसले आणि लोह्याच्या बसमध्ये चढले. पुढं ती कंपनीही गेली. आता दुसरीचं नाव ऐकू येतंय.

मामा गेल्याचं कळायला मला महिना लागला. लोह्याजवळच्या त्यांच्या गावी गेलो. मामी दारातच होत्या. नाव सांगितल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुमीच का ते फांदीवाले साहेब?"

मी मान हलवली. आत साखळी खुंटीला टांगलेली होती. मामी शांतपणे सांगत होत्या. पहाटे मामा उठलेच नाहीत. डॉक्टर आला, नाडी बघितली, गेले म्हणाला, कागदही लिहून दिला. शेजारच्या बाया रडायला लागल्या.

"मी न्हाई रडले," मामी म्हणाल्या. "आधी गालाला उलटा हात लावून बगितला. मंग रडले."