रिह्याची नर्गिस

पुण्याहून निघाले ती काळजीतच. ‘मॅडम, एकदा या. बोलायचंय,’ एवढाच नर्गिसचा निरोप होता. ही माझी विद्यार्थिनी काबूलहून पुण्याला शिकायला आली, तिकडे राज्य बदललं आणि परतीची वाट बंद झाली. मारुंजीतल्या भाड्याच्या खोलीत ती अगदी एकटी पडली होती. म्हणून मीच तिला रिहे या गावी, ओळखीच्या कुसुमताईंच्या घरी ठेवलं होतं. काही बिघडलं असेल तर दोष माझाच.

विचारांच्या नादात मी एक थांबा आधीच उतरले. पायी निघाले. भात कापून झालं होतं, खाचरांत (बांध घातलेल्या शेतांत) हरभरा कोवळा उगवला होता. वाटेत एका आजोबांना घर विचारलं. ते म्हणाले, “ती दिल्लीवाली पोर ऱ्हाती, तेच ना?”

मी बुचकळ्यात पडले.

घरी दोघींनी मला प्रेमाने बसवलं, पण एकमेकींशी त्या बोलत नव्हत्या. ताईंनी तांदळाची भाकरी वाढली, नर्गिसने बोलाणी (भाजी भरलेली पोळी). जेवण झाल्यावर नर्गिसच बोलली. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना ताईंनी ती दिल्लीची असल्याचं सांगितलं होतं.

“ताईला माझी लाज वाटत असेल तर मी जाते.”

कुसुमताई खाली मान घालून बसल्या होत्या. “लाज न्हाई गं,” त्या म्हणाल्या. “लोक काय बोलतील, तुला तरास व्हईल, म्हणून मीच भ्याले.”

नर्गिस उठून भांडी आवरू लागली. पण मला पोचवायला दोघी थांब्यापर्यंत आल्या. तिथे गवताचा भारा घेऊन उभ्या असलेल्या एका बाईंनी नर्गिसकडे पाहत विचारलं, ही कोण म्हणून. कुसुमताई पुढे झाल्या.

“ही नर्गिस. काबूलची हाय. तिचे आई-बाप तितं हायेत. हितं मी हाय.”

“लई लांबनं आली की,” बाई म्हणाल्या आणि तिकडे भात पिकतं का, ते विचारू लागल्या. नर्गिस सांगू लागली. शब्द अडला की ताई पुरवत होत्या. बस आली, मी चढले, तरी त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

कुणाला घरात ठेवून घेणं एक, आणि चारचौघांत आपलं म्हणणं वेगळं. कुसुमताईंना त्याला थोडा वेळ लागला, इतकंच. पिरंगुटपाशी गाड्यांची रांग लागली, बस बराच वेळ जागची हलली नाही. एरवी मी वैतागले असते. त्या दिवशी खिडकीला डोकं टेकलं आणि छान झोप लागली.