डोंगरकड्याच्या फ्लॉप्या आणि गोरेगावची गयाबाई

गवई सरांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एकटीच डबा खात होते. "रेहाना, जुनी मोठी फ्लॉपी वाचणारं काही मिळतं का पुण्यात?" कशासाठी, असं मी विचारलं. "कुसुमच्या ओव्या हायेत त्यात."

हिंगोली परभणी जिल्ह्यात होती तेव्हा सरांनी तिथे कॉम्प्युटर क्लास काढला. एकच मशीन, खिडकीला जाड पडदा, चपला बाहेर. अब्बांचं शिलाईचं दुकान त्याच गल्लीत, म्हणून मी तिथे शिकले. सरांच्या पत्नी कुसुममॅडम प्राथमिक शाळेत शिकवायच्या. सुट्टीच्या दिवशी त्या गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या भीमाच्या ओव्या उतरवून आणत आणि क्लासमध्ये टाइप करत. टाइप झाले की कागद पाणी तापवायच्या चुलीत. कॉम्प्युटरात गेलं म्हणजे कायमचं राहिलं, असं त्या म्हणायच्या. आम्हा सगळ्यांनाच तसं वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात मॅडम गेल्या. सर आता डोंगरकड्याला, आपल्या गावी एकटे राहतात.

जुन्या बाजारात एक ड्राइव्ह मिळाला. तो टॉवेलात गुंडाळून नांदेडची गाडी धरली. नांदेडहून हिंगोलीच्या एसटीत बसलात तर डोंगरकडा वारंगा फाट्याच्या आधी येतं. कंडक्टरला आधीच सांगून ठेवा. मी केळीच्या बागा बघता बघता झोपले आणि थेट फाट्यावर उतरले. तिथे गरम खिचडी आणि भजी खाल्ली, ते बरंच झालं. टेबलावर मी एकटीच होते. मागे फिरणारी जीप भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई असेल तर खिचडी सोडा.

सरांनी दार उघडलं. घर स्वच्छ होतं, फार स्वच्छ. चहाचे कप दोन होते, त्यातला एक बरेच दिवस वापरलेला नव्हता. त्यांनी तो पुन्हा विसळून घेतला.

लाइट दुपारी येते म्हणून आम्ही थांबलो. आली तशी सरांच्या जुन्या कॉम्प्युटरला ड्राइव्ह जोडला. पहिल्या फ्लॉप्यांवर बुरशी धरलेली होती, नुसतीच घरघर. शेवटची एक वाचली गेली, पण पडद्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता भुगा. त्या काळी ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा असायचा, तो नसला की मजकूर असून नसल्यासारखा. जुना फॉन्ट मी शोधून आणला होता. तो लावला आणि एक ओळ उमटली.

"दळण राहू दे पोरी, पाटी घे हातात"

पुढे अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. मग खाली: गयाबाई, गोरेगाव. मग पुन्हा चौकोन.

सरांनी ती ओळ पडद्यावर बोट ठेवून वाचली. "उद्या जाऊ," म्हणाले.

हिंगोलीपर्यंत एसटी, पुढे सेनगाव, गोरेगाव जीपनं. रस्ता खराब, पण सकाळी लवकर निघालात तर बसायला जागा मिळते. हिंगोलीत आमच्या जुन्या गल्लीतून चालत गेलो. अब्बांच्या दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान होतं. अब्बा नाहीत, भाऊ औरंगाबादला. मला ओळखणारं कुणी भेटलं नाही.

जीपमध्ये सरांनी विचारलं, "तू नेमकं काय करून राहिली तिथं?"

"फोन कंपनीचा डेटा सांभाळते, सर. कोण कुणाशी बोललं, कुठून, किती वेळ. इतकं साठतं की सर्व्हरला सारख्या नव्या खोल्या लागतात."

"आन् बोलले काय?"

"ते नाही ठेवत."

सर खिडकीबाहेर बघू लागले. क्लासच्या अख्ख्या हार्डडिस्कमध्ये माझ्या मोबाइलमधली चार गाणीही मावली नसती, हे मी सांगणार होते. राहून गेलं.

गोरेगावात विचारत विचारत गयाबाईचं घर सापडलं. ओसरीवर बसलेली, डोळ्यांनी अधू. सरांनी मॅडमचं नाव सांगितलं तशी ती हसली. "बाईचे मालक व्हय तुमी? बाई लई निवांत ऐकायच्या. मधी बोलायच्या न्हाईत."

सरांनी ती ओळ म्हणून दाखवली. मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. गयाबाईनं तीच ओळ चालीत धरली, दुसऱ्या ओळीपाशी अडकली. पुन्हा धरली, पुन्हा तिथेच थांबली. "चक्की आल्यापासून जात्यावर कोन बसतंय, गुरुजी." मग म्हणाली, "बाई काहून न्हाई आल्या? त्या असल्या की मला सुचतंय."

सर मातीकडे बघत राहिले. "तिला जमलं न्हाई."

"मंग पुढच्या खेपेला आना."

"व्हय," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मला नांदेडच्या गाडीत बसवताना सर म्हणाले, "बेटा, माझ्यानं सांगवलं न्हाई."

पुण्यात आल्यावर फ्लॉपीवरून वाचलेलं सगळं मी नव्या फॉन्टमध्ये बदलून सरांना सीडीवर पाठवलं. फार नव्हतं. मग नेहमीचं ऑफिस, नेहमीचा फ्लॅट. बरेच दिवस गेले आणि एका रविवारी त्यांचा फोन आला.

"गोरेगावला जाऊन आलो. सांगितलं तिला."

"मग?"

"लई रडली. मीबी रडलो. मग तिनं दुसरी ओळ म्हनली. मग तिसरी. थांबंच ना. म्या कागदावर लिहून घेतलं. जीप निघून गेली, तर तिच्या सुनेनं जेवू घातलं. घरी आलो तर हे सांगायला कुनी नव्हतं. म्हनून तुला लावला."

मी फोन ठेवला. मलाही सांगायला कुणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.