नडगीला गार्ड, बोटात जोडवी

परवाचा रविवार अजून अंगावरून उतरलाच नाही... ऑफिसात फाइल उघडली तरी नाकाशी संत्र्याच्या बहाराचा वास येतो.

आमची सौंसरची बायकांची टीम पांढुर्ण्याला फुटबॉलची मॅच खेळायला गेली होती. वय वर्षं चौतीस आणि आयुष्यातली पहिली मॅच. महिनाभर स्वयंपाक करतानासुद्धा मी मनातल्या मनात धावत होते.

शिन गार्ड, म्हणजे नडगीवर बांधायचं कवच, नसतील तर मैदानात उतरवणार नाही, असं आमच्या कोच सरांनी बजावलं होतं. दहाव्या दुकानातल्या दुकानदाराने आधी क्रिकेटचे पॅड काढले. मग विचारलं, "पोराचं वय काय आहे ताई?" म्हटलं, "चौतीस." बिचारा मान खाली घालून मोठी साइज शोधायला लागला...

घरी ओसरीवर बसून घालून पाहिले. घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली, वरून लांब मोजे. नडगीवर बोटाने टकटक केलं आणि मला उगाचच हसू यायला लागलं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, समोर तूर निवडत होत्या. एवढंच म्हणाल्या, "खेळाचं तं खेळ. पण जोडवी काढू नको." लग्नाला अकरा वर्षं झाली, बोटांतून ती कधी निघालीच नव्हती. खरं सांगू? माझाही हात धजला नसता.

मॅचला आईही आल्या. रेफरीने सगळ्यांचे गार्ड ठोकून पाहिले. खेळताना दागिने चालत नाहीत, पण बुटाच्या आत काय आहे ते कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

मैदानावर धुकं होतं... बॉल त्यातून यायचा आणि त्यातच हरवायचा. पण दहा मिनिटांत बुटातलं जोडवं बोटात रुतायला लागलं. मी लंगडत होते, आणि सर मला बदलायचा विचार करत होते हे लांबूनही कळत होतं. रडू आलं. एवढे दिवस पाहिलेलं स्वप्न त्या एका बोटापाशी अडलं होतं.

हाफ टाइमला आई काठी टेकत मैदानात आल्या आणि माझ्यासमोर गवतात बसल्या. बूट काढला, मोजा ओढला. मोज्याला रक्त लागलं होतं.

त्यांनी अंगठ्याने बोटावरचं रक्त पुसलं. मग म्हणाल्या, "नडगीले एवढं जपलं, अन् बोट काऊन कापून राहिली वं?" आणि दुसराही बूट उतरवून त्यांनी स्वतःच्या हाताने दोन्ही जोडवी काढली, पदराच्या टोकात बांधली. बोटाला रुमाल गुंडाळला, मोजा चढवला, गार्ड सरळ केला.

दुसऱ्या हाफमध्ये माझे पाय माझे वाटतच नव्हते, इतके हलके... एकीचा बूट थेट नडगीवर बसला, गार्डने झेलला. मॅच आम्ही हरलो. तरी मैदान सोडून मला घरी यावंसंच वाटत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये खिडकीतून संत्र्याच्या बागा मागे सरकत होत्या. आईंनी पदराची गाठ चाचपली. "सूज उतरली का घाल," त्या म्हणाल्या. "अन् आता दर रविवारी काढून माह्याजवळ देत जाय."

गार्ड मी दहा दुकानं फिरून, निवडून आणले होते. पदराची ती गाठ मात्र न मागता मिळाली...